गार, गुळगुळीत आणि हट्टी

कुंभकोणमहून चोळपुरम् ओलांडून उत्तरेला गेलं की कोळ्ळिडम् नदी लागते. तिच्या वाळूत एखादा पांढुरका, गुळगुळीत गोटा हाती आला, तर ती बहुधा गारगोटी. तिच्या या काही गमती.

गाव दुसरंच! चोळपुरमला जमिनीवर खडक नाहीच, सगळा कावेरीचा गाळ. गारेचं माहेर वरच्या अंगाला, पश्चिमेच्या डोंगरांत. तिथले काही खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने!

तीच का टिकली? ग्रॅनाइटात गार, फेल्स्पार, अभ्रक असे तिघे. पावसापाण्यात फेल्स्पारची चिकणमाती होते. गार मात्र ढिम्म. प्रवासात आधी झिजतात ते कोपरे, म्हणून ही गोलाई.

काचेची परीक्षा. मोह्सच्या काठिण्यमापात गार 7, काच साधारण 5.5. फुटक्या बाटलीवर गोटा दाबून ओढा, ओरखडा उठलाच पाहिजे. उलट चाकूने गोट्यावर चरा पडत नाही.

लिंबू पिळा. बुडबुडे आले तर चुनखडी. गारेला लिंबाचं काही सोयरसुतक नाही.

रंग कुठून? दुधी रंग आत अडकलेल्या द्रवाच्या सूक्ष्म थेंबांमुळे. पिवळा-तांबडा लोहाच्या गंजामुळे.

अंधारातली जादू. दोन गारगोट्या काळोखात एकमेकींवर जोरात घासा. क्षणभर फिकट उजेड चमकतो. डोळे तेवढे सांभाळा, कपची उडते.

गोट्याचा चष्मा! तंजावरजवळच्या वल्लमला पारदर्शक गारगोट्या मिळत. त्या कापून, घासून चष्म्यांची भिंगं बनत. काचेपेक्षा कठीण, म्हणून चरे कमी. अस्सल भिंग ओळखायचं? गालाला लावा. स्फटिक उष्णता झटकन ओढतो, त्यामुळे काचेहून गार लागतो.

डोळस राजा. याच तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द 1798 ते 1832) यांना नेत्रवैद्यकाचा मोठा नाद. डोळ्यांच्या रुग्णांची त्यांच्या काळातली सचित्र टिपणं सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत.

आणि आपल्याकडे? दख्खनच्या काळ्या बेसाल्टात मुळात गार फारशी नसते. ती नंतर त्याच्या पोकळ्यांत साचते, कधी स्फटिक होऊन, कधी अकीक होऊन. गोदावरीकाठी अकीक सापडला तर त्यालाही काचेवर ओढून पाहा. कुळ एकच, तोही पास होतो!