पेंढा भरलेलीं जनावरें व त्यांची चिठ्ठी
नागपूरच्या अजबबंगल्यासारख्या (स्थापना १८६३) संग्रहालयांत पेंढा भरलेलीं जनावरें आपण पाहतों. परंतु त्यांच्या सिद्धतेस आरंभ रानांतच होत असे. शिकार पडतांच कातडें सोलून मांस-चरबी खरवडीत, आंतून मीठ वा तुरटी चोळीत व सावलींत वाळवीत. विलंब झाल्यास केंस झडत. उन्हांत कातडें ताठरे. पक्ष्यांस सोमलाचा साबण लावीत. शेवटीं स्थळ, तारीख, नर-मादी व मापें यांची चिठ्ठी बांधीत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीचें (१९११-१९२३) मोल अशा चिठ्ठ्यांतच आहे. १९७२ च्या वन्यजीव-संरक्षण कायद्यानंतर तशीं कातडीं नव्यानें मिळणें दुर्घट झालें. मितीवांचून ताम्रपट, तसें चिठ्ठीवांचून कातडें. म्हणून संग्रहपालांनीं जुन्या चिठ्ठ्यांच्या नकला आधीं करून ठेवाव्या, असें आम्हांस वाटतें.