तेरा साती एक्क्याण्णव

९१ ही दिसायला अगदी मूळ संख्येसारखी. सम नाही, शेवटी ० किंवा ५ नाही, अंकांची बेरीज १०, म्हणजे ३ नेही भाग जात नाही. शाळेत घोकलेल्या कसोट्या इथे संपतात आणि बरेच जण तिला मूळ ठरवून मोकळे होतात. तेराचा पाढा पाठ असलेला मात्र फसत नाही. (सातचीही कसोटी आहे: शेवटचा अंक काढून त्याची दुप्पट उरलेल्यातून वजा करायची. ९ वजा २, उरले ७. पण ती लक्षात कोण ठेवतो!)

पाढा म्हणजे पटी, आणि पटी काढायला नुसतं मिळवत जायचं. इरॅटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात याच सोप्या कामावर आपली चाळणी बेतली. शंभरापर्यंतचे आकडे मांडा, १ सोडून द्या, आणि २, ३, ५, ७ ठेवून त्यांच्या पुढच्या पटी खोडा. उरतात त्या २५ मूळ संख्या. सातवर थांबता येतं, कारण संयुक्त संख्येचा १ वगळता सर्वांत लहान विभाजक तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा नसतो. उलट दिशेने, संख्या हातात देऊन विभाजक विचारले की खरी पंचाईत. शंभर अंकी संख्येचं वर्गमूळ पन्नास अंकी. तिथवर एकेक भाजक लावून पाहायला विश्वाचं आजवरचं वयही अपुरं.

१६४० मध्ये पिएर द फर्माने वेगळीच वाट दाखवली. मूळ संख्येने भाग न जाणारा कोणताही पूर्णांक घ्या, त्याचा त्या मूळ संख्येहून एकने कमी इतका घात करा; तिने भागल्यावर बाकी १ च उरते. आता ९१ तपासू. २ चा बारावा घात ४०९६, ९१ ने भागून बाकी १. म्हणून २ च्या नव्वदाव्या घाताची बाकी सहाव्या घाताइतकीच, ६४. एक आली नाही, म्हणजे ९१ संयुक्त. आणि हे ७ किंवा १३ चं नावही न घेता! या सगळ्या विषयात मला याहून विलक्षण काही वाटत नाही.

मात्र २ ऐवजी ३ घेतला तर फसगत होते. ३ चा सहावा घात ७२९, बाकी १, आणि ९० सहाच्या पटीत. ९१ सहीसलामत सुटते. ५६१, म्हणजे ३ × ११ × १७, आणखी वस्ताद: तिच्याशी सामाईक विभाजक नसलेला कुठलाही पाया घ्या, ती मूळ असल्याचंच सोंग वठवते. अशी सोंगंही उघडी पाडणाऱ्या मिलर आणि राबिन यांच्या कसोटीत संयुक्त संख्या एका फेरीतून निसटण्याची शक्यता फार तर चारात एक. वीस फेऱ्यांनंतर ती लाख कोटीत एकाहूनही कमी.

संयुक्त आहे हे कळणं वेगळं आणि विभाजक सापडणं वेगळं. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मर्सेनने १६४४ मध्ये मूळ म्हणून नोंदवली होती. १८७६ मध्ये लुकासने ती संयुक्त ठरवली, पण विभाजक हाती लागले नाहीत. ते १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत फ्रँक कोलने मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. सांगतात की त्याने फळ्यावर एका बाजूला घात काढला, दुसऱ्या बाजूला गुणाकार केला, दोन्ही उत्तरं जुळली आणि तो एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसला. यामागे तीन वर्षांचे रविवार गेले, असंही म्हणतात.

ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी संभाव्यतेचा आधार न घेता, अंकांची संख्या वाढली तरी आवाक्यात राहणारी खात्रीची कसोटी दिली. व्यवहारात मिलर–राबिनच वेगवान, म्हणून ही कसोटी फारशी वापरात नाही. सैद्धांतिक कोडं मात्र तिने कायमचं सोडवलं. विभाजकांसाठी नेहमीच्या संगणकावर चालणारी अशी रीत अजून कोणाला सापडलेली नाही. आरएसए कूटपद्धतीची सगळी भिस्त याच उणिवेवर. त्या पद्धतीच्या आव्हान-यादीतली २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली गेली, ६१७ अंकी अजून अभंग आहे.

फर्माचा आणखी एक कयास होता: २ च्या घातांकी पुन्हा २ चाच घात ठेवून १ मिळवला की येणारी प्रत्येक संख्या मूळ. ऑयलरने १७३२ मध्ये ४२९४९६७२९७ ला ६४१ ने भागून तो मोडला. याच घराण्यातली चोविसावी, पन्नास लाखांहून अधिक अंकांची संख्या १९९९ मध्ये संयुक्त ठरली. १ आणि ती स्वतः सोडून तिचा एकही विभाजक अजून कोणाला सापडलेला नाही.