गुलामांच्या सात पायऱ्या

अतींद्रिय शक्तींवर आमचा विश्वास नाही. तरीही सामंथा शॅनन या ब्रिटिश लेखिकेची २०१३ सालची ‘द बोन सीझन’ ही कादंबरी चळवळीच्या वाचकांनी वाचावी, असे आम्हाला वाटते.

कथा २०५९ सालच्या लंडनची. अशी शक्ती घेऊन जन्माला येणे हाच तेथे गुन्हा! १९ वर्षांची पेज माहोनी पकडली जाते आणि ऑक्सफर्डच्या गुप्त वसाहतीत रेफाइम या अमानवी मालकांची गुलाम होते. नाव जाते, क्रमांक मिळतो. परीक्षेत उतरणाऱ्याला लाल अंगरखा, भित्र्याला पिवळा. गुलामाने मालकाकडे नव्हे, शेजारच्या अंगरख्याकडे पाहावे, हीच त्यातली मेख.

पण आधी पेज ज्याच्या टोळीत होती, तो जॅक्सन हॉल कोण? तोही याच छळलेल्या समाजातला. त्यानेच पुस्तिका लिहून आपल्या माणसांच्या सात श्रेणी पाडल्या. टोळ्यांमध्ये रक्त सांडले. राजवटीला काडीही हलवावी लागली नाही! बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता याहून वेगळी काय असते?

ऑक्सफर्डमधले आधीचे बंड एका माणसाच्याच फितुरीने बुडाले होते. पेजचा आत्मा दुसऱ्याच्या मनात शिरू शकतो, पण तेवढ्याने बेडी तुटत नाही. वेगवेगळ्या श्रेणींचे बंदिवान एकत्र उठतात, काही रेफाइमही साथ देतात, तेव्हाच सुटकेची वाट उघडते.

पोटजाती आणि गटतट कुरवाळणाऱ्या आम्ही सर्वांनी स्वतःला विचारावे: आपल्या पायऱ्या आपण कधी मोडणार?