एकादशीची वरी आणि हरसूलची चूल

आषाढ शुद्ध एकादशी, अर्थात देवशयनी एकादशी. भगवान श्रीविष्णू क्षीरसागरी शेषशय्येवर निद्रिस्त होतात आणि चातुर्मासास प्रारंभ होतो, अशी आपली पूर्वापार श्रद्धा आहे. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून निघालेली संत निवृत्तिनाथ महाराजांची पालखी या दिवशी पंढरीत असते. ज्यांना वारी घडत नाही, ते घरीच उपवास करून पांडुरंगाचे नामस्मरण करतात. दुपारी फराळाच्या पानात वाफाळलेले वरीचे तांदूळ येतात. त्यांवर साजूक तुपाची धार आणि शेजारी दाण्याची आमटी. कोणी या धान्यास वरी म्हणतात, कोणी भगर, तर कोणी वरई. ती आली कोठून, असे विचारले तर ‘वाण्याकडून’ एवढेच उत्तर बहुतेक घरांतून मिळेल.

निवृत्तिनाथांच्या समाधीने पावन झालेल्या त्र्यंबकेश्वराहून वायव्येस, गुजरातच्या सीमेकडे, एक डोंगराळ वाट जाते. त्या वाटेवर हरसूल हे आठवडे बाजाराचे गाव आहे. भोवतालच्या पाड्यांवर कोकणा, महादेव कोळी, वारली या आदिवासी समाजांची वस्ती. सखल खाचरात भात आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नागली व वरई, ही येथील शेतीची जुनी वाटणी आहे. आपण ज्या दिवशी उपवासाला वरी शिजवतो, त्याच सुमारास या उतारांवर वरईची कोवळी रोपे लावणीच्या प्रतीक्षेत किंवा लावणीच्या ऐन गडबडीत असतात. वैशाखात पालापाचोळा, शेण आणि डहाळ्या पसरून जमिनीचा तुकडा भाजायचा, म्हणजे ‘राब’ करायचा. मृगाच्या आगेमागे त्यात बी टाकायचे. आषाढात रोपे उपटून उतारावर लावायची. आश्विनाच्या उत्तरार्धात व कार्तिकात कणसे हाती येतात. देव निद्रिस्त होतात तेव्हा लावलेले धान्य देव जागे होण्याच्या सुमारास घरात येते. चातुर्मास हा वरईचाही आयुष्यकाळ आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने वरईच्या एका वाणाचे नाव ‘फुले एकादशी’ असे ठेवले आहे. नाव ठेवणाऱ्यांच्या रसिकतेला दाद दिली पाहिजे.

आपल्या घरी जे उपवासाचे अन्न, ते हरसूलच्या चुलीवर रोजचे अन्न आहे. नागलीची भाकरी, भाजून भरडलेल्या उडदाची आमटी, रानभाजी आणि भाताच्या जोडीला वरईचा भात, असा तेथील साधा आहार. श्रावण आणि भाद्रपद हे महिने फार कठीण, कारण शेतात पीक उभे असते आणि घरातले धान्य सरत आलेले असते. म्हणून या भागातील गृहिणीची सारी कसोटी साठवणीत लागते. बांबूच्या विणलेल्या, शेणामातीने लिंपलेल्या कणगीत भात व नागली भरून ठेवायची. धान्य कडक उन्हात वाळवल्याशिवाय कणगीत जात नाही, आणि आत कडुनिंबाचा किंवा निरगुडीचा पाला घातल्याशिवाय तिचे तोंड बंद होत नाही. नागलीचा दाणा बारीक आणि कठीण असल्यामुळे कीड त्याच्या वाटेला सहसा जात नाही. नीट राखल्यास ती वर्षानुवर्षे टिकते, आणि म्हणूनच दुष्काळात ती माणसे जगवीत आली. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदूळ वा गहू या बाबतीत तिच्या जवळपासही येत नाहीत. चैत्र-वैशाखात मोहाची फुले वाळतात, कैरीच्या फोडी वाळून त्यांची आंबोशी होते, अंबाडीचा पाला वाळवून गाडग्यात जातो.

उन्हाळ्यातील या लगबगीत आपल्या आणि हरसूलच्या घरांत अंतर उरत नाही. आपल्या गच्चीवर कुरडया, सांडगे, बटाट्याचा कीस आणि उपवासाच्या चिकवड्या वाळत असतात, तर तेथील अंगणात नागलीचे पापड. हे पापड म्हणजे सहज उरकण्याचे काम नव्हे. नागली धुऊन दोन-तीन दिवस भिजत घालायची, दररोज पाणी बदलायचे, मग ती सावलीत सुकवायची. बारीक दळून पीठ वस्त्रगाळ करायचे. आधणात मीठ, पापडखार, जिरे आणि तीळ घालून त्या पिठाची उकड काढायची, ती गरम असतानाच मळायची आणि लाटून किंवा दाबून पापड करायचे. एका बाईने हे काम निभत नाही. सासू, सून, जाऊ, शेजारीण असे चार-सहा हात एकत्र लागतात. आणि पाणी लागते. पावसाळ्यात डोंगर धुऊन काढणारा पाऊस पडतो, पण उतारावरचे पाणी ओढ्यांतून वाहून जाते आणि उन्हाळ्यात यांतील कितीतरी पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी दूरची पायपीट करावी लागते. नागली धुण्याचे पाणी डोक्यावरून आणलेले असते, हे पापड तळताना लक्षात असावे.

थोडे विषयांतर करतो. उपवासाच्या पानातील बहुतेक पदार्थ या भूमीतले नाहीत. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, बटाटा, रताळे, शेंगदाणे आणि मिरची ही सारी मंडळी अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या आगमनानंतरच्या काळात येथे आली. राजगिराही मूळचा तिकडचाच. साबुदाण्याचा उद्योग तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात गेल्या शतकात बहरला. वरई मात्र याच देशात माणसाळलेले धान्य आहे. तिच्याच गोतातील श्यामाक, म्हणजे सावा, हा यजुर्वेदाच्या चमकात धान्यांच्या मालिकेत येतो. त्र्यंबकेश्वरी रुद्रावर्तने ऐकणाऱ्या भाविकांच्या कानांवरून हे नाव कितीदा गेले असेल! कालिदासाच्या शाकुंतलात आश्रमातील हरिणपाडसाला शकुंतला याच श्यामाकाच्या मुठी भरवते. तेव्हा साबुदाण्याची खिचडी चुलीवर चढली म्हणून वरीस दुय्यम लेखण्याचे कारण नाही. त्याच उतारावर उगवणारी नागली मात्र उपवासाला बहुतेक घरांत चालत नाही. हा निवाडा रूढीचा आहे, आणि रूढी प्रांतोप्रांती वेगळी असते. ज्याच्या त्याच्या कुळाचाराने ठरवावे.

आता एका गंभीर गोष्टीकडे वळू. नवरात्र, महाशिवरात्र, एकादशी अशा दिवशी भगर किंवा भगरीच्या पिठाची भाकरी खाऊन माणसे आजारी पडल्याच्या, एकाच गावातील अनेक कुटुंबांना रुग्णालयात दाखल करावे लागल्याच्या वार्ता महाराष्ट्रात वारंवार येत असतात. दोष धान्याचा नाही, साठवणीचा आहे. भगरीला ओलावा लागला की तिच्यावर बुरशी धरते आणि त्या बुरशीपासून विषद्रव्ये निर्माण होतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि शिजवल्याने नाहीशी होतील असाही भरवसा नाही. पीठ तर दाण्याहून अधिक वेगाने ओल ओढून घेते. अन्न व औषध प्रशासन सणांपूर्वी म्हणूनच सूचना देते: सुटी भगर व तयार पीठ घेऊ नये, पाकिटावरील तारीख पाहावी, पीठ हवेच असेल तर घरी लागेल तेवढेच दळावे. आषाढाच्या दमट हवेत तर हे पथ्य कसोशीने पाळावयास हवे. गेल्या शिवरात्रीची उरलेली भगर डब्याच्या तळातून काढून आज शिजविण्यात काटकसर नाही. वास कुबट, चव कडवट वा दाणा गोळा झालेला दिसला तर ती टाकून द्यावी. भगर खाल्ल्यावर मळमळ, भोवळ, थरथर असे काही जाणवल्यास उपवास सुटेपर्यंत थांबू नये, तत्काळ वैद्यकीय साहाय्य घ्यावे. ज्यांना कणगीत धान्य भरायचे आहे, त्या हरसूलच्या माउलीचा पहिला नियम आपल्याही घरी लागू पडतो: वाळल्यावाचून भरायचे नाही आणि भरलेले ओल्या भिंतीला टेकवून ठेवायचे नाही.

वरईचे खरे कष्ट कापणीनंतर सुरू होतात. दाण्यावरचे टरफल घट्ट बसलेले असते. पूर्वी ते जात्यावर भरडून, सुपात पाखडून, उखळात कांडून काढावे लागे आणि घरच्या स्त्रियांचा दिवसातील मोठा वेळ पसाभर वरीसाठी खर्ची पडे. आता हे काम गिरण्या करतात. नाशिक शहर भगरीच्या गिरण्यांचे मोठे केंद्र आहे आणि तेथे मध्य प्रदेश, छत्तीसगड येथूनही कच्चे धान्य येते. परंतु डोंगरावरील शेतकरी आपली वरई टरफलासकट, मिळेल त्या भावाने विकतो आणि सडलेल्या पांढऱ्या भगरीचा चढा भाव आपण दुकानात मोजतो. मधला वाटा त्याच्या पाड्यावर पोहोचत नाही. लावणीला माणसे मिळत नाहीत, भावाचा भरवसा नाही, म्हणून वरईचे क्षेत्र आटत आले आहे. दिवाळीनंतर घरेच्या घरे कुलूपबंद होतात आणि नवरा-बायको, कधी पोरांसह, दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या मजुरीला जातात. उन्हाळ्यात परतल्यावर पापडाला चार हात मिळणार कसे आणि उतारावर राब भाजणार कोण? संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या पुढाकाराने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि त्या निमित्ताने शहरांतून नागली-वरईचे कौतुकही पुष्कळ झाले. कौतुकाइतकी गरज आहे ती पाड्यावरच्या लहान गिरणीची.

या समाजांत कणसरी ही धान्याची देवता. घरात आलेले नवे धान्य तिला अर्पण केल्यावाचून तोंडात घालायचे नाही, अशी चाल आहे. आपण नैवेद्य दाखविल्यावाचून जेवत नाही, त्याहून ही रीत वेगळी नाही.

वरी शिजविण्याचे एक साधे प्रमाण येथे देतो, कारण ती कधी फडफडीत तर कधी खळ होते अशी तक्रार अनेक घरांतून ऐकू येते. एक वाटी वरी निवडून, दोन पाण्यांनी धुऊन निथळावी. तुपात जिरे व हिरवी मिरची परतून त्यातच वरी मंद आचेवर खमंग भाजावी. मग तीन वाट्या उकळते पाणी व मीठ घालून झाकण ठेवावे आणि आच मंद ठेवून दहा-बारा मिनिटे वाफ द्यावी. कुकर टाळलेला बरा. बाजारात वरी घेताना शुभ्र, चकचकीत दाण्याचा मोह नसावा. फार घासल्याने कोंडा जातो आणि त्याबरोबर सत्त्वही जाते. बचत गटांच्या विक्रीत कधी किंचित मळकट दिसणारी, कमी सडलेली वरई मिळते. ती चवीला सरस लागते. मात्र कोंड्यातील स्निग्धांशामुळे ती लवकर खवट होते, म्हणून एका महिन्यापुरतीच आणावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीच्या वाफेपासून दूर ठेवावी.