सायकलीचे ब्रेक, दूरच्या प्रवासासाठी
ब्रेक सायकलीच्या गतिज ऊर्जेचे घर्षणाने उष्णतेत रूपांतर करतो; त्यामुळे सामानाचे ओझे वाढले की त्याच्यावरील ताणही वाढतो. चंद्रपूरजवळील ऊर्जानगरच्या औष्णिक वीज केंद्राभोवतीचा प्रदेश बव्हंशी सपाट असल्याने तेथे उतारापेक्षा पावसाळी ओल व कोळशाची धूळ यांचा विचार अधिक करावा लागतो. जुन्या पद्धतीच्या सळईच्या ब्रेकची रबरे पोलादी रिमवर दाबली जातात. रिम भिजताच त्यांची पकड फारच घटते. ॲल्युमिनियमची रिम याबाबत पुष्कळच बरी, मात्र धूळमिश्रित चिखलाने ती झिजते. तबकडीचा ब्रेक चाकाच्या मध्याशी असल्यामुळे त्याने रिम झिजत नाही व ओलीतही तो चांगला लागतो. द्रवचालित प्रकार हाताला हलका. परंतु गडचिरोलीकडील जंगलवाटांवर जाणाऱ्याने तारेचाच घ्यावा, कारण तुटलेली तार वाटेत स्वतःस बदलता येते.