प्रबंध शोधगंगेवर, नोंदी पेनड्राइव्हमध्ये

लोणारच्या विवराचे वय किती? उष्मादीप्ती पद्धतीने केलेले मापन सुमारे ५२ हजार वर्षे सांगते. २०११ साली प्रसिद्ध झालेले आर्गॉन पद्धतीचे मापन ५ लाख ७० हजार वर्षे सांगते आणि त्यात ४७ हजार वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात, हेही कबूल करते. दोन उत्तरांत दहापटींहून जास्त अंतर! शास्त्रज्ञांचे आपसातच जमत नाही, असे म्हणून कोणी हसेल. मला मात्र या भांडणाचे कौतुक वाटते. काचेचा तुकडा कुठून उचलला, कोणत्या पद्धतीने तपासला, चूक किती असू शकते, हे लिहून ठेवलेले आहे म्हणून तर भांडता येते. नुसता आकडा उरला असता, तर त्यावर एक तर विश्वास ठेवायचा किंवा ठेवायचा नाही, एवढेच हाती राहिले असते.

जून २०२० मध्ये याच विवरातल्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पाणी आटले, क्षार वाढले आणि क्षारात रमणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग धरला, असा उलगडा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केला. त्यासाठी त्या वेळचे नमुने पुरले. पण क्षार कधीपासून चढत होते, हे सांगायला मागच्या वीस-पंचवीस वर्षांच्या तारीखवार नोंदी लागतात. लोणारवर वनस्पतिशास्त्रापासून भूशास्त्रापर्यंत किती विषयांत प्रबंध झाले! त्या विद्यार्थ्यांनी बाटल्या भरल्या, सामू मोजला, आकडे टिपले. ते आकडे आज कुठे आहेत?

प्रबंध सापडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंधाची डिजिटल प्रत द्यावी लागू लागली, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने उभारलेल्या ‘शोधगंगा’वर आज लाखो प्रबंध कोणालाही वाचता येतात. मोठेच काम झाले हे. पण प्रबंधात असते सरासरी. ‘तक्ता क्र. ४.७’ असे लिहिलेले असते आणि त्यामागचे शेकडो आकडे एखाद्या पेनड्राइव्हमध्ये, नाहीतर गाइडच्या कपाटातल्या रजिस्टरमध्ये पडून राहतात. व्हायवा झाला की त्यांना वाली नाही.

२०१९ च्या अखेरीस आयोगाने पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा ३० तासांचा अभ्यासक्रम घातला. वाङ्मयचौर्य, बनावट नियतकालिके, खोटे आकडे यांबद्दल त्यात शिकवतात; ‘डेटाबेस’ नावाचा भागही आहे, पण तो नियतकालिकांच्या सूचींचा. स्वतःचा डेटा कसा सांभाळायचा, हा स्वतंत्र धडा नाही. चोरी करू नये हे सांगितले, स्वतःचे घर कसे लावावे ते राहून गेले.

हे घर लावायला शिकवणारा एक नमुना एडिंबरा विद्यापीठाने २०११ मध्ये खुला केला. ‘मंत्रा’ हे त्याचे नाव. पदव्युत्तर आणि नवख्या संशोधकांसाठीचा हा ऑनलाइन अभ्यासक्रम. ज्याने त्याने सवडीने करावा. भूविज्ञान, समाजविज्ञान आणि चिकित्सा-मानसशास्त्र या तीन शाखा डोळ्यांपुढे ठेवून तो रचला, आणि जुन्याजाणत्या संशोधकांना कॅमेऱ्यासमोर बसवून त्यांचे अनुभव ऐकवले. श्रेय देऊन कोणीही तो घ्यावा, बदलावा, अशी मुभा आहे. मग अमरावती विद्यापीठाच्या छत्राखालच्या आपल्या महाविद्यालयांनी त्याचे मराठी भाषांतर करून टाकावे का? माझे मत नाही असे आहे. सांगाडा घ्यावा, उदाहरणे इथलीच हवीत, कारण इथल्या अडचणीही इथल्याच आहेत.

पिंपळगावचेच घ्या. बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव राजा आहे, पिंपळगाव काळे आहे, पिंपळगाव सराई आहे, पिंपळगाव देवीही आहे. चौघांचे तालुके चार. खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचे पाणी तपासणाऱ्या मुलीने रकान्यात नुसते ‘पिंपळगाव’ लिहिले, की दोन वर्षांनी तिलाही कळणार नाही की ही विहीर कुठली. नावासोबत जनगणनेचा गाव-क्रमांक आणि विहिरीचे अक्षांश-रेखांश लिहायला शिकवणे, हा पहिल्याच दिवसाचा धडा. दुसरा तारखेचा. ०५/०६ म्हणजे आपल्यासाठी पाच जून, पण अमेरिकन पद्धतीवर लावलेला संगणक त्याचा सहा मे करतो. विहिरीच्या पाण्यात पावसाळ्याआधी आणि नंतर एवढा फरक पडतो, तिथे महिना चुकला की निष्कर्ष गेला.

तिसरी गोष्ट एडिंबराला कधी सुचणारच नाही: फॉन्ट. आपल्याकडे हजारो पानांच्या मुलाखती श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप झालेल्या आहेत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की शेतकऱ्याच्या बोलण्याऐवजी नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे आणि मूळ फाइलही जपणे, हा समाजशास्त्र, मराठी आणि इतिहासाच्या मुलांसाठी आख्खा एक तास व्हावा.

जपायचे तसे झाकायचेही शिकावे लागते. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या बोंडगावात आणि आसपास लोकांचे केस अचानक गळू लागले. आयसीएमआरचे पथक आले. रक्त, केस, पाणी, धान्य यांचे नमुने गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. (विंचूदंशावरचे त्यांचे काम उभे राहिले तेही आरोग्यकेंद्रात रुग्णाच्या उशाशी बसून ठेवलेल्या नोंदींवर.) अशा ठिकाणी काम करणारा विद्यार्थी नावे खोडतो आणि निश्चिंत होतो. पण लहान गावात ‘स्त्री, वय २२, अविवाहित’ एवढे छापले तरी सगळ्या गावाला ती कोण ते समजते. वय गटात द्यायचे, गावाऐवजी तालुका लिहायचा, फोटो वेगळ्या कुलपात ठेवायचे, आणि संमतिपत्र मराठीत, समजावून सांगून घ्यायचे. हे नियम म्हणून वाचले तर विसरतात. बोंडगावचे उदाहरण विसरणार नाहीत.

वाघाचेही तसेच. टिपेश्वरहून निघालेला टी१सी१ हा वाघ २०१९ च्या डिसेंबरात ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याने ५ हजारांहून अधिक ठिकाणे टिपली. एकूण चाल सुमारे ३ हजार किलोमीटर. वाघ शेतशिवारांतून कसा वाट काढतो, हे कळायला हा खजिनाच. पण तो वाघ त्या क्षणी कुठे आहे, हे उघड करणे म्हणजे शिकाऱ्याला पत्ता देणे. उशिराने द्यावे, ढोबळ करून द्यावे, मागणाऱ्याला पारखून द्यावे. डेटा खुला की बंद, यांच्यामध्ये इतक्या पायऱ्या असतात.

बाकीचे फार अवघड नाही. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. रकान्यांचा अर्थ आणि एकके सांगणारी एक साधी मजकूर-फाइल. काम संपल्यावर ‘झेनोडो’सारख्या भांडारात जागा, सर्न ती फुकट देते आणि कायमचा क्रमांकही मिळतो. व्हिडिओ दहा मिनिटांच्या आतले असावेत, मोबाइलवर उतरवून घेता यावेत; जळगाव जामोदच्या मुलाने रेंज शोधत टेकडीवर चढू नये. आणि गाइडलाही नाव नोंदवायला लावावे. फोल्डर कसे लावायचे हे शेवटी त्यांच्याच शब्दावर ठरते, आणि विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीपुढे (आरआरसी) सिनॉप्सिससोबत डेटाची दोन पानी योजना मागायची तर ती वाचणाराही तयार हवा.

परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची नको. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावाव्यात, शक्यतो वेगळ्या विषयांच्या. एकाने आपले फोल्डर दुसऱ्याला द्यावे, दुसऱ्याने त्यावरून प्रबंधातला एक तक्ता पुन्हा मांडून दाखवावा, तोही मालकाला एकही फोन न करता. फोन करावाच लागला तर नापास. आणि नापास ज्याने फोन केला तो नव्हे, ज्याचे फोल्डर तो.