रॉकेट बॉईज : समीक्षकांचा प्रतिसाद

'रॉकेट बॉईज' ही अभय पन्नू दिग्दर्शित हिंदी मालिका सोनी लिव्ह या मंचावर ४ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाली. तिचे दुसरे पर्व मार्च २०२३ मध्ये आले. मुंबईत जन्मलेले होमी भाभा व अहमदाबादचे विक्रम साराभाई हे तिचे नायक होत. भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतच पुढे 'टिफ्रॅक' हा आरंभीचा भारतीय बनावटीचा संगणक घडला.

जिम सर्भ व इश्वाक सिंग यांच्या अभिनयाची समीक्षकांनी प्रशंसा केली. सर्भ यांना २०२३ च्या आंतरराष्ट्रीय एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले.

भाभांचा प्रतिस्पर्धी रझा मेहदी या काल्पनिक पात्रावर मात्र टीका झाली. हे पात्र मेघनाद साहा यांच्यावर बेतल्याचे मानले जाते. जातिभेद सोसून पुढे आलेल्या साहांच्या जागी संशयाच्या छायेतील मुस्लिम शास्त्रज्ञ दाखविणे अनेकांना अन्यायकारक वाटले. अणुसंशोधन विद्यापीठांत व्हावे, हा साहांचा आग्रह तात्त्विक होता. वैयक्तिक वैराच्या कथेत तो झाकोळतो. म्हणून ही मालिका इतिहास म्हणून नव्हे, तर इतिहासावर आधारित नाट्य म्हणून पाहणे योग्य ठरते.